आधी ओ देणारी डिस्क

सेक्टर सतरामधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक वृद्ध सरदारजी माझ्या शेजारी बसले होते. नवी डिस्क कोरी करायला त्यांनी दोन नंबरची निवडली होती, पण पुसली गेली ती जुनी. तिच्यात वारलेल्या बायकोचा आवाज होता. दुकानदार आतून येऊन म्हणाला, "अंकलजी, कुछ नहीं बचा."

त्यांनी मला विचारलं, "नई वाली दो नंबर पर थी, बेटा. नंबर बदल कैसे गया?"

मी याच क्षेत्रातला. त्यांना हिंदीत समजावलं, की मशीन सुरू होताना जी डिस्क आधी ओ देते, तिला पहिला नंबर मिळतो. दर वेळी क्रम तोच राहील असं नाही.

त्यांनी बोटांवर एक-दोन मोजून पाहिलं.

"मतलब इस बार नई पहले बोली. मेरी वाली ने जवाब देने में थोड़ी देर कर दी, बस."

ते अगदी बरोबर होतं.