तेल लावलंस का, रखमे?

शालूला शेवटची भेटले ती इंदुरातच, पलासियाला, तिच्या मुलाच्या घरी. आजारपणात विंचरणं जमेना म्हणून सुनेने तिचे केस अगदी आखूड कापले होते. जन्मभर कमरेखाली जाणारी वेणी मिरवलेली ही बाई... मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी आणेल. तर तिने मान इकडून तिकडे हलवून दाखवली आणि म्हणाली, "बघ रखमे, शेवटी मी मिथेनॉल झाले. पाण्यात टाका, पूर्ण विरघळते की नाही बघा." औषधांमुळे बरळतायत असं समजून सून घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी मात्र इतकी हसले की मला ठसका लागला. पुढे थोड्याच दिवसांत फोन आला. ती गेली, हे ऐकताना माझ्या कानात तिचं तेच वाक्य होतं.

ते वाक्य कळायला मध्यभारत नावाचं राज्य होतं त्या दिवसांत जावं लागेल. आम्ही जुनी इंदूरला राहायचो. माझे वडील, आबा, संस्थानच्या फौजेत स्वार होते. संस्थान विलीन झालं, त्यांचा घोडा गेला आणि ते सरकारी कचेरीच्या दारावर उभे राहायला लागले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. विज्ञानाच्या वर्गात मुली दोनच, शालू आणि मी. तिचे वडील इंजिनीअर, घरात इंग्रजी पेपर यायचा. पण तिने मला ते कधी जाणवू दिलं नाही. माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी ती आधी संपवायची आणि तिच्या पोळ्या माझ्या गळ्यात मारायची.

शेवटच्या वर्षी देवासचं एक स्थळ आलं होतं. आबांनी त्यांना थांबवून ठेवलं आणि मला सांगितलं, "यंदा पास झालीस तर पुढचं तुझ्या मनासारखं. नापास झालीस तर देवास." रसायनाची प्रॅक्टिकल नेमकी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आली. मी दार लावून अभ्यासाला बसले. पण इंदुरात रंगपंचमीला दार लावून बसणं म्हणजे बोलावणंच. वहिनी मागच्या खिडकीतून आली आणि ट्रंकांना मारतात तो चांदीचा रंग माझ्या तोंडाला, मानेला, केसांना चोपडून मोकळी झाली.

आईने पाणी ओतलं. साबण झाला, राख झाली, नारळाची शेंडी झाली. गाल लाल झाले आणि त्यावर चांदी तशीच चकाकत राहिली. आबा म्हणाले, "असल्या तोंडाने कॉलेजात जायचं नाही. आधीच लोक बोलतात." सगळं शिक्षण असं रंगाच्या एका डब्यात बुडणार, असंच वाटलं.

तेवढ्यात शालू आली. मला बघून ती उंबऱ्यावरच बसली आणि पोट धरून हसली. मग उठून पदर खोचला. "मावशी, बस करा, पोरगी छिल जाएगी, सोलून निघेल. पाणी बंद, आणि तिळाचं तेल आणा."

"तेलकट रंगावर आणखी तेल?" आबा म्हणाले.

"म्हणूनच तर, काका. तेलकट तेलातच सुटतं."

आईने घासलेट सुचवलं. शालू म्हणाली, "रंग त्यानेही सुटेल, पण कातडी जळेल." मग माझ्या गालांवर तेल चोळता चोळता तिने माझीच उजळणी सुरू केली. माझी तेलाने निथळणारी वेणी तिने हातात घेतली. "हे बघ. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, कारण त्यांची एक बाजू जराशी धन आणि दुसरी जराशी ऋण. त्यांच्यात शिरायचं तर धरायला तसंच काही हवं. अल्कोहोलचं डोकं तसं असतं, ते पाणी धरतं. मागे कार्बनची वेणी, ती पाणी धरत नाही. वेणी आखूड, मिथेनॉलसारखी एकाच कार्बनची, तर पाणी डोक्याला धरून सगळंच आत ओढतं. वेणी लांबली की डोक्याचं काही चालत नाही, वर तरंगायचं."

"आणि घासलेट?" मी विचारलं.

"नुसती वेणी. डोकंच नाही. वहिनींसारखं."

सगळ्यांत मोठ्याने वहिनीच हसली.

"साबणाची वेणी लांब, पण डोकं पाण्याला फार घट्ट धरणारं. वेणी तेलात, डोकं पाण्यात. म्हणून तो शेवटी लावायचा, आधी नाही." मग शालूने माझी वेणी गुंडाळून अंबाडा घातला. "आता सांग. कार्बन तेवढेच, पण असे गोळा होऊन बसले, तर?"

"पाण्यात जागा कमी अडेल," मी म्हणाले.

"मग?"

"जास्त विरघळेल."

"जा, आता बेसन लाव."

बेसनाने तेल निघालं आणि तेलाबरोबर चांदी. साबणानंतर आरशात माझं मलाच तोंड दिसलं. आबांनी ते दिव्याशी नेऊन तपासलं आणि माझी सायकल पुसायला गेले.

परीक्षक ग्वाल्हेरचे होते. त्यांनी दोन बाटल्या पुढे ठेवल्या. दोन्हींत चार कार्बनांचं अल्कोहोल. एक पाण्यात टाकलं तर वर थर धरत होतं, दुसरं पार मिसळून जात होतं. "क्यों?" माझं इंग्रजी अडलं, हिंदीही अडली... आणि हात आपोआप मागे गेला. मी वेणी पुढे घेऊन दाखवली, मग तिथेच अंबाडा घातला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी वाकून माझा अंबाडा न्याहाळला. मग म्हणाले, "कान के पीछे चाँदी रह गई है, बेटी. ग्वालियर में इतना पक्का नहीं खेलते."

मी पास झाले. आबा स्वतः देवासला जाऊन नाही सांगून आले. येताना मावा आणला, त्यातला अर्धा शालूच्या घरी पोचवला.

पुढे ती मुलींच्या शाळेत रसायन शिकवायला लागली. तिच्या वर्गात वेणी न घालता आलेल्या मुलीला फळ्यापाशी बोलावत नसे, "नमुना आणला नाहीस," म्हणायची. मी बँकेत लागले, माझं रसायन बरंचसं विसरले. पण दर रंगपंचमीला सकाळी तिचा फोन ठरलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तेल लावलंस का, रखमे?" गेली कित्येक वर्षं मला रंग लावायला कुणी येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तरी विचारायची. आणि तरी मी लावायची.

यंदा फोन आला नाही. मी वाटीत तिळाचं तेल घेतलं, तोंडाला लावलं, मानेला लावलं, कानांच्या मागे जरा जास्तच लावलं. उरलेल्या चार केसांचा अंबाडा घातला आणि दारात खुर्ची टाकून बसले. समोरच्या घरातल्या मुली रंगाच्या पुड्या घेऊन निघाल्या होत्या. मला बघून थबकल्या. "आजी, घाबरू नका, तुम्हाला नाही लावत."

"का बरं?" मी म्हटलं. "तेल लावून बसलेय मी."