जाऊबाईंचा पाहुणचार

माणसानं डूख धरू नये म्हणतात. मी धरला होता, चांगला पाच महिने, आणि जाऊबाईंपुरती मला त्याची आजही लाज वाटत नाही.

तेव्हा मध्यभारताचं राज्य होतं. ग्वाल्हेर म्हणे मी राजधानी, इंदूर म्हणे मी. मग सरकारनं तोडगा काढला, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. उन्हं तापायला लागली की ग्वाल्हेरच्या मोतीमहालातलं सरकारी दफ्तर पेट्यांत भरून इंदूरला निघायचं आणि पेट्यांबरोबर आमचे हे. मुलीची शाळा सुटली की मागोमाग आम्ही मायलेकी. हीच आमची सुट्टी. उतरायचं मोठ्या दिरांकडे. माधवगंजातल्या शेजारणी म्हणायच्या, मजा आहे बाई तुमची, इथल्या लूच्या झळांतून सुटलात!

मजा मला विचारा. मुलीला पाचव्या वर्षी मधुमेह निघाला होता. रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. काचेची पिचकारी उकळायची, सुई दगडावर घासून धार लावायची, पोरीचे हातपाय धरायचे आणि टोचायचं. डॉक्टरांनी मला संत्र्यावर टोचायला शिकवलं होतं, पण संत्रं काही “आई, नको ना” म्हणत नाही. शिवाय रोज तिची लघवी निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळी राहिली तर देव पावला. हिरवी, पिवळी होत विटकरी झाली की साखर चढली समजायचं. आणि हे सगळं बिऱ्हाड घेऊन प्रवास करायचा! इन्शुलिनची बाटली गरम झाली की औषध फुकट जातं, म्हणून थर्मासात बर्फ भरून मी तो गाडीत मांडीवरच ठेवायची. ती बाटली म्हणजे माझ्या पोरीचा जीव होता. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही.

इंदूरला बाटली ठेवायला थंड जागा एकच, स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली. तिथे ओली वाळू पसरलेली असायची, त्यात मी बाटली रोवून ठेवी. जाऊबाईंनी पहिली दोन वर्षं काही म्हटलं नाही. औषध आहे, असू दे.

तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी शहाणपण केलं. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची त्यांना हौसच. पंगतीत कुणीतरी विचारलं, हे इन्शुलिन कशाचं करतात हो? ह्यांनी आमटीचा भुरका मारला आणि सांगितलं, “कत्तलखान्यातल्या गुरांच्या पोटातून एक ग्रंथी काढतात, तिचा अर्क.” वर पुन्हा विज्ञान कसं पुढे गेलंय ते! माझ्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या राजाच्या सरकारवाड्यातल्या देवांची पूजा. मोठे दीर खाली बघून जेवत राहिले. जाऊबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठल्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मुलीची लघवी विटकरी यायला लागली. मी सुईतलं औषध वाढवलं, तरी विटकरी. पोरगी घागरभर पाणी प्यायची आणि तरी पाणी पाणी करायची. घरात आंब्यांची आढी घातलेली होती, माझा संशय सरळ तिकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आढीच्या खोलीत नेऊन विचारलं, किती खाल्लेस? ती नाही नाही म्हणाली. मी तिला मारलं. एक चापट नाही, चांगलं बडवलं. घाबरली की ती हिंदीत बोलायची. “मैंने नहीं खाया आई, कसम से, मैंने नहीं खाया.” खोटं बोलते म्हणून मी आणखी दोन दिल्या.

दुपारी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला कुजक्या फळाचा वास. तिचं अंग पुसायला कोमट पाणी आणावं म्हणून मी न्हाणीघरात गेले. भर मे महिन्यातही मोठ्या दिरांना आंघोळीला कढत पाणी लागे, त्यामुळे तिथे सकाळपासून बंब पेटलेला असायचा. बंबाच्या वरच्या फळीवर, शिकेकाईच्या डब्याशेजारी, माझी बाटली. हातात घेतली तर चटका बसला.

जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मी काय फेकून दिली का? सोवळ्यातला स्वयंपाक होईपर्यंत तेवढी बाजूला ठेवते, मग आहे तिथे नेऊन ठेवते. तीन दिवस असंच करतेय. आज विसरले, झालं.” सोवळ्याच्या वेळात मला स्वयंपाकघरात जायची बंदी होती, मला कळणार कसं? हात लागू नये म्हणून त्या बाटली सांडशीनं उचलायच्या, हेही त्यांनीच सांगितलं. बाटलीखालची वाळू बदलून गोमूत्र शिंपडल्याचंही सांगितलं. “नैवेद्याच्या स्वयंपाकाशेजारी गाईचं मांस कसं ठेवायचं, तूच सांग. आणि तुला विचारलं असतं तर तू आकांडतांडव केलं असतंस.”

तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला वेळ कुणाला होता? तांगा बोलावून पोरीला दवाखान्यात नेलं. तिथलं ताजं औषध, शिरेतून पाणी. चार दिवस ती शुद्धीत नव्हती धड. चार दिवस मी तिच्या दंडावरचे माझ्या बोटांचे वळ बघत बसले. पाचव्या दिवशी तिनं डोळे उघडून पहिलं काय म्हणावं? “आई, मी आंबा नाही खाल्ला.”

हे म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. तुमचं मिळालं असेल हो! मी घरी आले, जाऊबाईंच्या पाया पडले आणि म्हटलं, “एकदा ग्वाल्हेरला या ना. दसऱ्याला या.”

आणि त्या आल्या. नोव्हेंबरपासून मध्यभारत मोडून नवं राज्य होणार होतं, राजधानी भोपाळला जाणार होती, आमचं बिऱ्हाडही तिकडेच. पुढच्या वर्षी कोण कुठे, ग्वाल्हेरचा दसरा एकदा बघून घेऊ, म्हणून त्या एकट्याच आठ दिवस राहायला आल्या.

आमच्याकडे बाटली एरवी खिडकीतल्या वेगळ्या मडक्यात असायची. त्या आल्या त्या सकाळी मी ती मडक्यातून काढली, तिच्या गळ्याला दोरा बांधला आणि पिण्याच्या मोठ्या माठात तळाला सोडली. बाटलीला रबराचं घट्ट बूच. आतला थेंब बाहेर येत नाही, हे मला माहीत होतं. आम्हीही तेच पाणी पीत होतो. पण जाऊबाईंना बाटायला थेंब कशाला हवा होता?

असा पाहुणचार मी जन्मात कुणाचा केला नाही. “तुम्ही कशाला उठता, मी देते ना पाणी.” जेवताना पाणी, जेवल्यावर पाणी, मिरवणूक बघून दमून आल्यावर वाळा घातलेलं पाणी. जाऊबाई घटाघटा प्यायच्या आणि म्हणायच्या, “ग्वाल्हेरच्या पाण्याला काय गोडी आहे गं!” मी म्हणायची, “आणखी घ्या.” रोज सकाळी पोरीला टोचताना मला इंदूरच्या त्या तापलेल्या बाटलीचा चटका आठवायचा आणि मग जाऊबाईंना पाणी वाढायला हाताला जोर यायचा.

निघायच्या दिवशी तांगा दारात आला. जाऊबाई चढून बसल्या, मी ओटी भरली, वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्याच सांगितलं, “जाऊबाई, आठ दिवस तुम्ही जे पाणी प्यायलात ना, त्यात पोरीच्या औषधाची बाटली होती. तीच, सांडशीनं उचलता ती.”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडाशी पदर नेला, पण पदरानं काय थांबतंय? तांग्याच्या चाकावरच भडाभडा ओकल्या. तांगेवाला “क्या हुआ माँजी” करत खाली उतरला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरंच सांगते, लग्नात वाटला नव्हता एवढा आनंद मला त्या क्षणी वाटला. पुढे कळलं की घरी पोचताच गुरुजींना बोलावून त्यांनी पंचगव्य घेतलं, जानवी दान केली आणि शुद्ध होऊन मोकळ्या झाल्या. त्या दिवशी तांगा दाल बाजाराकडे वळेपर्यंत मी दारात उभी राहून बघत होते. मुलगीही शेजारी उभी होती, काकूला हात करायला आलेली. तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

दुपारी मी पोळ्या लाटत होते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली.

“आई, पाणी दे ना.”

“हात मोडलेत का? घे की माठातून.”

“तू दे. वरून दे.”

मी वळून बघितलं. ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती.

“मोठ्या काकूला उलटी आली ना,” ती म्हणाली, “बाटली पाण्यात होती म्हणून. और मेरे अंदर तो वो रोज जाती है.”

मी लाटणं टाकून तिच्याजवळ गेले. काकू मूर्ख आहे म्हटलं, अडाणी आहे, औषधानं कुणी बाटत नाही, मी नाही का प्यायले तेच पाणी, बाबा नाही का प्यायले? ती सगळं नीट ऐकून घेत होती. दुखण्यानं तिचे डोळे नुसते मोठे झाले होते.

“मग तू काकूला सांगितलंस कशाला?”

तिला तहान लागली होती. तिची तहान साधी नसते, थांबवून चालत नाही. मी तिचा हात धरून तिला माठापाशी ओढायला लागले, तर ती उंबऱ्याला धरून रडायला लागली.

शेवटी मी तांब्या भरून आणला. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि खाली वाकली. मी वरून धार धरली.