डाव्या कानाचे आबा

आबा उजव्या कानानं गावाच्या गप्पा ऐकायचे आणि डाव्या कानानं गावाची पापं. एरवी त्या डाव्या कानात कायम हिन्याच्या अत्तराचा फाया खोचलेला असायचा. मंगळवारी दुपारची पूजा आटोपली की आबा देवळाच्या पायरीवर बसायचे, फाया काढून धोतराच्या सोग्यात बांधायचे आणि तोंड देवीकडे फिरवायचे. मग गावाला कळायचं, आबा बसले. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं यावं, डाव्या अंगाला टेकावं, हळूच कानात सांगावं आणि मोकळं व्हावं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडचं. तिथल्या रेणुकेची धाकटी बहीण आमच्याकडे राहते असं आम्ही मानतो, आणि आबा त्या धाकटीचे गुरव. चूक सांगायची ही रीत त्यांच्या आज्याच्या वेळेपासूनची. सांगणाऱ्याचं सांगून झालं की आबा थोडा वेळ देवीकडे बघत बसायचे आणि मग दंड सांगायचे. दंड म्हणजे नारळ नाही, कोंबडं तर नाहीच. ज्याचं बिघडवलं त्याचं नीट करून यायचं, हा एवढाच दंड. एका वर्षी पेरणीच्या आधी शिवारातला एक कोरून शेजाऱ्याच्या रानात सरकवलेला बांध होता तिथं परत आला. कुणी आणला, कुणी विचारलं नाही. आबा तिकडून जाताना नुसतं म्हणाले, "बांध बराबर दिसून राह्यला बरं का आता!"

लहानपणी मी नैवेद्याचा पेढा चोरून खाल्ला होता. दोन दिवस देवळाकडे फिरकले नाही. शेवटी मंगळवारी मोठ्या माणसांच्या रांगेत जाऊन बसले आणि आबांच्या कानात सगळं ओकले. आबा न हसता देवीकडे बघत बसले. मग म्हणाले, "सुमे, देवी म्हनती, पोरीला भूक व्हती. पुढच्या बारीला अर्धा मला ठेव म्हनली." मी पळत सुटले ते थेट घरी. आमच्या घरात आजतागायत त्या पेढ्याचं कुणाला कळलं नाही, हे मी आज पहिल्यांदा सांगतेय.

आबांची बायको, मथुराकाकू, हुशार बाई. तिला मात्र या रीतीचा फार जाच व्हायचा. अख्ख्या गावाचं गुपित आपल्या चुलीपुढं बसून भाकर खातंय आणि आपल्याला एक अक्षर कळत नाही, म्हणजे काय! "अहो, ती पाटलाची धाकटी सून एवढा वेळ काय सांगून राह्यली व्हती?" असं तिनं विचारलं की आबा म्हणायचे, "पिठल्यात मिरच्या जास्ती झाल्या." फारच मागं लागली तर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "कान देवीचा हाये, तोंड माझं हाये. कानातलं तोंडाला ठाऊक न्हाई."

मी पुढं वकील झाले, जालन्यात मस्तगडला राहू लागले, तोंडावर पोट भरू लागले. गावी गेले की आबा चिडवायचे, "आल्या वकीलीनबाई! आमच्या पायरीवरची गिऱ्हाइकं पळवती ही." तेव्हा आम्ही दोघंही हसायचो. पुढं काय वाढून ठेवलंय हे त्या देवीला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

माझा धाकटा भाऊ संतोष भोकरदनहून येत होता. थंडीचे दिवस, दिवेलागणीची वेळ, गाडी पंक्चर झालेली, म्हणून तो ती ढकलत कडेनं चालला होता. कुठल्यातरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली तो सापडला. ट्रॅक्टरवाला थांबला नाही. लोकांनी घरी आणलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. माझी माय त्याचे पाय चोळत राहिली, गार पडलेत म्हणून. तात्या, म्हणजे माझे वडील, शेतात कडबा उतरवून आले आणि दारातच खाली बसले. माझा भाऊ एकवीस वर्षांचाही नव्हता हो.

पोलिसांनी त्या संध्याकाळी तिकडून गेलेला एक ड्रायव्हर धरला. घनसावंगीकडचा, कुंभार पिंपळगावचा, दोन लेकरांचा बाप. केस उभी राहिली. मी त्या केसमध्ये वकील नव्हते, नुसती बहीण होते, पण एकही तारीख चुकवली नाही. मला त्या माणसाला आत गेलेलं बघायचं होतं.

आणि एका दुपारी मस्तगडच्या माझ्या घराच्या जिन्यात आबा उभे. एसटीनं आले होते. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "सुमन, त्या ड्रायव्हरनं न्हाई केलं. मला कोर्टात उभं राहू दे."

माझ्या हातातला तांब्या तिथंच राहिला. "मग कुणी केलं, आबा?"

"ते न्हाई सांगता येनार."

मला काय करू नि काय नको असं झालं. ओरडले, रडले, पाया पडले. मग वकिली बाहेर काढली. म्हटलं, "आबा, कायद्यात अशिलानं वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं. नवरा-बायकोमधलं बोलणं गुप्त राहतं. पुजाऱ्याच्या कानात सांगितलेलं नाही राहत. फादरचं नाही, मौलवींचं नाही, तुमचंही नाही. एकदा पिंजऱ्यात चढलात की विचारतील ते सांगावंच लागेल."

आबा विचारात पडले. "म्हंजे तुझ्या कानाला सरकारचं कुलूप, आन् देवीच्या कानाला बिलकुल न्हाई?"

"नाही."

"असू दे. मी अर्धंच सांगीन."

"कोर्टात अर्धं चालत नाही, आबा!"

"पायरीवर चालतं की," आबा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. अर्धं सांगून निर्दोष माणूस सुटतो, उरलेलं अर्धं ज्याचं त्यानं सांगायचं असतं, ही त्यांच्या आयुष्यभराची रीत. कोर्ट म्हणजे जरा मोठी पायरी, एवढाच त्यांचा हिशेब.

ड्रायव्हरच्या वकिलानं त्यांना साक्षीला आणलं. धुतलेलं धोतर, कपाळाला भंडारा. आबा म्हणाले, "हा माणूस न्हाई. ज्याच्या हातून झालं त्यानं मला पायरीवर सांगितलं. त्याला बी तवा कळलं न्हवतं, मागून कळलं." झालं! सरकारी वकील उठलेच. कोण तो? नाव सांगा. आबांनी धोतराच्या सोग्यातून अत्तराचा फाया काढला, डाव्या कानात घातला आणि हात जोडले. "साहेब, मी खोटं बोलनार न्हाई आन् नाव बी सांगनार न्हाई."

न्यायाधीश भले माणूस होते. त्यांनी शांतपणे समजावलं, विचार करायला वेळ दिला, पाणी दिलं. कायद्याला दुसरी वाट नव्हती, हे मी वकील म्हणून आजही सांगेन. आबा ऐकेनात, तेव्हा त्यांना थोड्या दिवसांची कैद झाली. माय बाकावरून उठून किंचाळली, "माझ्या लेकाचा खुनी पोटात घालून बसलास, तुझं वाटोळं होईल रे गुरवा!" तात्या मात्र धडपडत पुढं गेले आणि पोलिसांनी धरलेल्या आबांच्या पायावर पडले. मला वाटलं, बिचारे पोराच्या मारेकऱ्याचं नाव मागताहेत. आबांनी त्यांना उठवलं. म्हणाले, "उठा तात्या. सकाळपासून जेवला न्हाईत. दोन घास खाऊन घ्या."

ड्रायव्हरविरुद्ध पक्का पुरावा नव्हता, तो सुटला. आबाही सुटून आले, पण गावानं त्यांना सोडलं नाही. अर्धं गाव म्हणे, आबानं पैसे खाऊन खुनी लपवला. उरलेलं अर्धं म्हणे, आबानं कोर्टात तोंड उघडलं, आज अर्धं सांगितलं, उद्या सगळं सांगेल. झालं काय, की मंगळवारी पायरीवर कुणीच येईना. आबा फाया काढून बसायचे आणि दिवस कलला की पुन्हा घालून उठायचे. मीही त्यांच्याशी बोलत नव्हते. गावी गेले तरी देवळासमोरून मान फिरवून जायचे. माय तर मंगळवार आला की त्यांच्या नावानं बोटं मोडायची. फक्त तात्या जायचे देवळात. माय म्हणायची, लाज सोडली या माणसानं.

आबा गेले तेव्हा तात्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे मस्तगडला होते. गावाहून फोन आला. मी सांगितलं, "आबा गेले." मनात आलं, गेलं ते नाव आता कायमचं, आणि डोळे भरून आले ते रागानं की कशानं, मलाच कळेना. तात्यांनी डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीला हात लावला. मग म्हणाले, "सुमन, दार लाव."

मी दार लावलं.

"माझ्या ट्रॉलीखाली आला गं तो. कडबा लई भरला व्हता, बाजूचं दिसत न्हवतं. एक गचका बसला. मला वाटलं खड्डा हाये. शेतात गेल्यावर चाकात मफलर दिसला. तुझ्या मायनं घेतल्याला."

तात्या रडले नाहीत. रडायचं सगळं आधीच कुणाच्यातरी कानात रडून झालेलं असावं. त्यांनी पुढचंही सांगितलं. आबांनी त्यांना एकच दंड सांगितला होता. घरी जाऊन बायकोला सांगा. तात्यांच्यानं ते झालं नाही. मग ड्रायव्हर धरला गेला, तेव्हा आबा म्हणाले, "तुमच्यानं होत न्हाई ना? मंग मी जातो. पण मी अर्धंच सांगीन, तात्या. राह्यलेलं अर्धं तुमचं हाये." कैदेतून आल्यावरही दर मंगळवारी तात्या जायचे आणि आबा एवढंच विचारायचे, "सांगितलं का?" तात्या नाही म्हणून मान हलवायचे. आबा म्हणायचे, "बरं. पुढल्या मंगळवारी या."

वकील म्हणून पुढं काय करायला हवं ते मला बराबर ठाऊक होतं. लेक म्हणून मी ते दार लावलेलंच ठेवलं. "तुझ्या मायला कळू देऊ नको, ती मरून जाईल," एवढं म्हणून तात्या त्याच वर्षी गेले.

मग माय माझ्याकडे राहायला आली, आणि मला आबा कळायला लागले. रोज समोर बसलेल्या माणसाचं दुःख ज्या एका नावानं हललं असतं, ते नाव जिभेखाली धरून भाजी निवडायची, चहा करायचा, देवाला दिवा लावायचा. तिनं आबांना शिव्या घातल्या की घशाशी यायचं, माय, नको गं! आणि तेवढंसुद्धा म्हणायची सोय नव्हती, कारण का म्हणून तिनं विचारलं असतं.

तिनं विचारलंच. मेथी निवडत होतो आम्ही. "सुमे, तू वकील हायेस. तुला कधी कळलं न्हाई का गं, कुनी केलं?"

आयुष्यभर मी बोलून खाल्लं. त्या दिवशी खोटं सुचेना आणि खरं निघेना. माय माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

"आबावानीच गप बसली बघ," ती म्हणाली. मग म्हणाली, "तात्या त्याच्यानंतर कधी ट्रॅक्टरवर बसले न्हाईत. मला वाटलं, पोराच्या दुःखानं बसत न्हाईत."

मी खाली बघून मेथीची पानं खुडत राहिले. तिनं निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकात मिसळली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. संतोष गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मला तिच्याजवळ सरकायचाही धीर झाला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "लई शिव्या दिल्या गं मी त्याला. त्यानं माझं घर राखलं. मी गेल्यावर गावाला सांग, सुमे. मी हाये तोवर नको."

माय या चैतात गेली. तेराव्यानंतरच्या मंगळवारी मी गावी गेले. आता देवळाला नवीन पुजारी आहे, फरशी आहे, लाऊडस्पीकर आहे. पायरी तीच आहे. मी पायरीवर उभी राहिले आणि जमलेल्या सगळ्यांना तात्यांचं नाव घेऊन सांगितलं, अर्धं नाही, सगळं. माझ्या बापाचं पाप मी चारचौघांत मोठ्यानं सांगत होते. म्हातारी माणसं खाली बघत होती. कुणीतरी म्हणालं, "आरारारा, काय केलं आपन आबाचं!"

मथुराकाकू काठी टेकत पुढं आली. मला वाटलं, तिला तरी ठाऊक असेल. बायकोला सांगितलेलं कायद्यानंही गुप्त राहतं, हे मीच आबांना माझ्या घरात सांगितलं होतं. तिनं माझा दंड धरला.

"मला बी न्हाई सांगितलं गं त्यांनी," ती म्हणाली. "लोक म्हनायचे, पैशे खाल्ले आबानं. मी रोज विचारायचे, रोज भांडायचे. मरायच्या सकाळी बी विचारलं. म्हनले, तोंडाला ठाऊक न्हाई." ती पायरीवर बसली, जिथं आबा बसायचे तिथंच. "मला खरं वाटलं व्हतं गं, लोकांचं."