मॅटवर पाय नका ठेवू

“साहेब, मॅटवर पाय नका ठेवू!”

हर्षदा तामोरे ओरडली तेव्हा आमचे प्लांट हेड देसाई साहेब यांचा उजवा पाय हवेत होता. तो तसाच राहिला. साहेब वजनदार माणूस आहेत, पदानं आणि देहानंही. एका पायावर फार वेळ उभं राहणं त्यांना जमत नाही. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि विचारलं, “का गं? ओली आहे?”

“नाय साहेब. कोरी हाय.”

“मग?”

“मग मळंल ना!”

साहेबांनी पाय मागे घेतला. मॅटकडे पाहिलं, हर्षदाकडे पाहिलं, आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सावे, क्वालिटी डिपार्टमेंटचा मॅनेजर. साहेबांच्या सगळ्या नजरा मला ओळखू येतात. ही नवीन होती.

आता ही मॅट काय चीज आहे ते सांगतो. तारापूर एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीला जे छोटं नोझल असतं, ज्यातून एकेक थेंब पडतो, ते आम्ही बनवतो. थेंब डोळ्यांत जाणार, तर त्याबरोबर धूळ जाऊन चालत नाही. म्हणून ही नोझल क्लीनरूममध्ये बनतात. क्लीनरूम म्हणजे गाळलेली हवा सतत आत सोडलेली बंद खोली. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा गाऊन, टोपी, मास्क. सगळे सारखे दिसतात. माणूस ओळखायचा तर चालीवरून.

हवा फिल्टरनं गाळता येते. बुटांना फिल्टर कुठून लावणार? आणि आमच्याकडे धुळीला तोटा नाही. बाहेर दिवसभर ट्रक चालतात, शेजारच्या कारखान्यांच्या पावडरी उडतात, वर खाडीकडचा खारा वारा. ती सगळी मंडळी तळव्याला चिकटून आत यायला बघतात. त्यांना अडवायला दाराशी चिकट मॅट असते. घरातल्या पायपुसण्याचा हा जास्त शिकलेला भाऊ. पातळ प्लास्टिकच्या कागदांची जाड चवड, प्रत्येक कागदाला वरून गोंद. तुम्ही त्यावरून चालत जायचं, तळव्याची धूळ कागदावर राहते. कागद मळला की कोपऱ्याला धरून सोलून काढायचा, खाली नवा कोरा तयार. इतकं सोपं. इतक्या सोप्या गोष्टीचा घोळ घालायला माझ्यासारखा अनुभवी माणूसच लागतो.

त्या दिवशी आम्ही मॅटपाशी का उभे होतो, तर हैदराबादची एक मोठी औषध कंपनी आमच्याकडे नवी प्रॉडक्शन लाइन टाकायच्या विचारात होती. पुढच्या आठवड्यात त्यांची ऑडिटर येणार होती. क्लीनरूमची हवा पसंत पडली तर लाइन इथे, नाही तर आमच्याच ग्रुपच्या गुजरातमधल्या प्लांटला. आसपासच्या कुंभवली-बेटेगावची पोरं त्या लाइनसाठी ट्रेनिंग घेऊन बसली होती. आणि हर्षदा? दांडी गावची ही मुलगी कितीतरी वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होती. नव्या लाइनची इन-चार्ज म्हणून तिला कायम करायचं ठरलं होतं. लाइन गेली की तेही गेलं.

आणि हवा बिघडत चालली होती. आमच्याकडे एक यंत्र आहे, ते खोलीतली हवा ओढून घेतं आणि त्यात धुळीचे कण किती ते मोजतं. तो आकडा दोनेक महिने वर वर चढत होता. मर्यादेला जवळजवळ टेकला होता.

मी काय केलं? आधी एसीवाल्यांना धरलं. मेंटेनन्सच्या राऊतांना शिडीवर चढवून एकेक फिल्टर तपासायला लावला. राऊत वरून म्हणाले, “फिल्टर ठणठणीत आहेत हो सावे. तुमचं नाक तपासा.” मग गाऊन धुणाऱ्या लॉन्ड्रीला झापलं. गाऊनही निर्दोष निघाले. दारावरची मॅट मी तपासली नाही. कशाला तपासू? मॅट हा माझा अभिमानाचा विषय होता.

झालं होतं असं. दोनेक महिन्यांपूर्वी परचेसवाले माझ्यावर घसरले होते. “सावे, तुमची माणसं मॅट खातात का? किती कागद लागतात!” मला असं कुणी बोललं की माझ्यातला प्रतिभावंत जागा होतो. मी ताबडतोब ‘स्वच्छ मॅट स्पर्धा’ जाहीर केली. ज्या शिफ्टमध्ये मॅटचे सगळ्यात कमी कागद सोलले जातील, त्या शिफ्टला समोसे-जिलेबीची पार्टी आणि बोर्डावर नाव. पोस्टर मी स्वतः काढलं. त्यात हसणारी मॅट होती. मॅटला डोळे काढले होते.

स्पर्धा तुफान चालली. कागदांचा खप धाडकन खाली आला. मासिक मीटिंगमध्ये मी त्याचा ग्राफ दाखवला आणि टाळ्या घेतल्या. लगेच पुढच्या स्लाइडवर हवेतल्या कणांचा ग्राफ होता. एक रेघ खाली उतरत होती, दुसरी वर चढत होती, तीही त्याच तारखांना. मी दोन्ही स्लाइड एकापाठोपाठ दाखवल्या. पहिलीसाठी छाती काढली, दुसरीसाठी एसीला जबाबदार धरलं. खोलीत सगळे इंजिनिअर होते. कुणालाही काही दिसलं नाही. मला तर नाहीच.

आता परत मॅटपाशी येऊ, जिथे साहेब माझ्याकडे बघत उभे आहेत. ऑडिटची रंगीत तालीम म्हणून ते स्वतः राऊंडला आले होते.

“हर्षदा,” साहेब शांतपणे म्हणाले, “तू आत कशी जातेस ते दाखव.”

ती दोन पावलं मागे सरली आणि उडी मारली. काय उडी! होडीतून धक्क्यावर उतरणाऱ्याची असते तशी, सहज, तोल जराही न जाता. मॅट मागे राहिली, हर्षदा दारात. मॅटवर धुळीचा कण नाही. सगळे कण हर्षदाबरोबर आत.

“सगळे असेच जातात?”

“सगळे साहेब. आमी कुणाला पाय देऊ देत नाय.”

“आणि सामानाची ट्रॉली?”

“ती दोघं मिळून उचलतात ना. वरच्यावर.”

तेवढ्यात खरोखरच ट्रॉली आली. दोन पोरांनी ती उचलली, पालखीसारखी मॅटवरून पार नेली आणि पलीकडे अलगद टेकवली. साहेबांना बघून एकानं सलामही केला.

मी हाउसकीपिंगच्या यादवला बोलावलं. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूनं बोलेल अशी आशा होती. “यादव, मॅट खराब होती है तो शीट निकालता है ना?”

“नहीं सर. गीला कपडा मार देता हूँ. एकदम चमक जाता है, शीट बच जाता है.” यादव उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाला. ओलं फडकं लागलं की गोंद मरतो, मग ती मॅट चिकट राहत नाही, नुसती गुळगुळीत होते. म्हणजे चुकून कुणी पाय दिलाच असता, तरी उपयोग शून्य.

“सावे,” साहेबांनी विचारलं, “स्पर्धेत पहिलं कोण आलं?”

“बी शिफ्ट, साहेब.”

“बी शिफ्टच का?”

उत्तर हर्षदानं दिलं. “आमच्याकडं पोरं उंच हायत, साहेब.”

साहेब हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत,” आणि गेले. हर्षदा मास्क खाली ओढून माझ्याकडे बघत राहिली. “सर, आमचं कायतरी चुकलं का?”

“तुमचं नाही,” मी म्हणालो. “तुमच्या सरांचं. पोस्टर काढून टाक. आणि आजपासून सगळ्यांनी मॅटवर चालायचं.”

सांगणं सोपं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी काचेतून बघत उभा राहिलो तर निम्मे लोक उडीच मारत होते. कोऱ्या, चकचकीत गोष्टीवर पाय द्यायचा नाही हे आपल्या अंगात असतं. घरी नुकत्याच पुसलेल्या लादीवर पाय दिला की आई कशी ओरडते ते आठवा. त्यात मी त्याला समोशांची जोड दिलेली. हर्षदा म्हणाली, “सर, आता मी नको म्हटलं तरी पाय आपोआप उचलतो.”

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पायांना समजावत बसण्यात अर्थ नव्हता. उडी मारता येते, कारण मॅट आखूड आहे. आणि आखूड मॅट कुणी निवडली? तीही मीच. निवडताना मी चिकटपणाकडे फार बारकाईनं बघितलं होतं. सॅम्पल घेऊन आलेल्या सेल्समनसमोर सगळ्यात चिकट मॅटवर ऐटीत चालून दाखवलं होतं, तेव्हा माझा बूट मॅटवर राहिला आणि मी मोज्यावर पुढे गेलो. त्यावरून शहाणा होऊन मी मध्यम गोंदाची मॅट घेतली. ते बरोबरच होतं. फार चिकट असली की पाय अडखळतो आणि तळव्याला गोंद लागून तोच आत जातो. पण मापाकडे मी दाराच्या पायपुसण्यासारखं बघितलं. चौकटीत नीट बसते, छान दिसते, घेतली. तिच्यावरून नीट चालून गेलं तरी एकच पाय पडायचा. दुसरा बूट धुळीसकट तसाच आत.

खरा हिशोब असा की दोन्ही पाय मॅटवर किमान दोनदा तरी पडले पाहिजेत. पहिल्यांदा मोठी धूळ सुटते, पुढच्या पावलाला उरलेली. आणि रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत हवी. कडेला फट राहिली की माणूस फटीतून जातो.

मी वसईच्या डीलरला फोन करून लांब मॅट मागवली. दाराशी दोन टाकल्या, एकीला एक जोडून, मध्ये फट नाही. ट्रॉलीच्या वाटेवर चाकं पुरी एक फेरी फिरतील एवढी लांब. यादवला सोलायला शिकवलं. तो आधी कागद फर्रकन ओढायचा, मजा यायची त्याला. पण फर्रकन ओढला की अडकलेली धूळ उडते. एका कोपऱ्याला धरायचं, हळूहळू ओढायचं, मळकी बाजू आत घेत गुंडाळायचं. शिफ्ट सुरू होताना नवा कागद, आणि मधे ठसे एकमेकांवर चढले की परत नवा. ओलं फडकं मॅटच्या आसपासही नाही.

बी शिफ्टच्या एका उंच पोरानं लांब मॅटवरूनही उडी मारून बघितली. बरोबर मधोमध पडला, दोन्ही पायांवर, आणि तिथून चालतच पुढे जावं लागलं. मला इतका आनंद झाला की मी काचेआडून टाळ्या वाजवल्या.

यंत्राचा आकडा उतरू लागला. पण उतरायला वेळ लागतो, आणि ऑडिटर वेळेवर आली. नंदिनी मॅडम. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. कॉन्फरन्स रूममध्ये त्या चहा घेत होत्या तेव्हा देसाई साहेब घाईघाईनं मॅटपाशी आले. शिफ्ट अर्धी झाली होती. मॅटवर ठशांचा बाजार भरला होता.

“सावे, हे काय! पाहुण्यांना हे दाखवणार? यादव, नवी शीट काढ.”

यादवनं कोपरा धरला. हर्षदा दारात उभी होती, ती माझ्याकडे बघायला लागली.

“राहू दे यादव,” मी म्हणालो. “साहेब, अजून बदलायची वेळ झालेली नाही. ठसे एकमेकांवर आलेले नाहीत.”

“लाइन गेली तर?”

“स्वच्छ मॅट दाखवून आपण एकदा बघितलंय, साहेब. आता मळकी दाखवू.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. पुढे काही बोलणार तेवढ्यात मॅडम आल्याच. त्या मॅटपाशी थांबल्या आणि चक्क उकिडव्या बसल्या. बाहेरच्या कडेचे ठसे काळे, ठळक. त्यापुढचे करडे. दाराजवळचे असे की शोधावे लागत होते. त्यांनी हातातल्या पेनानं बाहेरून आतपर्यंत हवेतच रेघ ओढली.

“आखिरी कदम साफ है,” त्या म्हणाल्या. मग हर्षदाला विचारलं, “शीट कब बदलते हो?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण हर्षदा आधीच सुरू झाली. कागद कधी बदलायचा, कसा सोलायचा, धूळ का उडू द्यायची नाही, पाणी का नको, सगळं तिच्या हिंदीत, न थांबता. मॅडम ऐकत राहिल्या. मग उठल्या, मॅटवरून चार पावलं चालल्या आणि मागे वळून स्वतःचे ठसे बघितले. पुढे आत जाऊन त्यांनी आपलं यंत्र लावलं. आकडा मर्यादेच्या आत आला. फार आत नाही, पण आत.

लाइन आमच्याकडे आली. हर्षदा कायम झाली. नव्या भरतीला ट्रेनिंग आता तीच देते, आणि तिचं पहिलं वाक्य असतं, “मॅट मळवायला लाजू नका. तिला आनलीच त्यासाठी हाय.” परचेसवाले अजून कुरकुरतात. मी त्यांना चहा पाजतो.

माणसं ऐकत नाहीत अशी तक्रार बहुतेक मॅनेजर करतात. माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या माणसांनी माझं शब्दन्‌शब्द ऐकलं, ट्रॉली उचलून ऐकलं, आणि त्यातच आमची लाइन जाता जाता राहिली. तेव्हापासून मी तोंड उघडण्याआधी काचेपाशी उभा राहून बघतो.