मुठीतलं खत

सौदीतल्या राबिघच्या बाहेर, रिफायनरीकडे पाठ करून अबू तलालची सेंद्रिय भाजीची बाग पसरली आहे, आणि गेली अठरा वर्षं ती श्रीवर्धनच्या रहमतुल्लाच्या नाकावर चालली आहे. नुसता ढीग हुंगून तो सांगणार, "अजून कच्चं आहे खत, चार दिवस थांबा." त्या खतावर वाढलेल्या काकड्या खोक्यांतून जेद्दाच्या घराघरांत जायच्या आणि युरियाच्या काकडीपेक्षा महाग असूनही गिऱ्हाईक तुटायचं नाही.

मग सौदी माणसं कामावर घ्या म्हणणारं सौदीकरण आलं आणि मालकाने नूराला नेमलं. शेतकीची पदवी, पांढरे बूट, हातात टॅब.

"रहमत, हिला सगळं शिकव," म्हणून मालक गाडीत बसला.

रहमतुल्लाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तीन आठवड्यांत संपत होता. गावी लेकीचं, मेहनाजचं, कॉलेज अजून दोन वर्षं उरलं होतं. तो भाजीच्या गाडीतून थेट जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदला गेला. तिथे गाववाल्या हुसेनमियाँचं अत्तराचं दुकान. इकाम्याबाबत त्याचा एकही अंदाज आजवर खरा ठरला नव्हता, पण सल्ला द्यायचा तो छातीवर हात ठेवून.

"शिकवलंस की खलास! काहीतरी हातचं राख."

"राखू काय? माझ्याकडे खताशिवाय आहे काय?"

"मग खतच राख!"

नूरा ढिगावर पाइप सोडून ठेवायची. ओलावा हवा असं तिने पुस्तकात वाचलं होतं. रहमतुल्ला वाफ्यात तिकडे पाठ करून खुरपत राहिला. दुसऱ्या दिवशी माश्या आल्या. तिसऱ्या दिवशी ढीग आंबला आणि वास वाफ्यापर्यंत आला. जेवणाच्या सुट्टीत बायकोचा, शरफुन्निसाचा, फोन आला.

"आवो, जेवलाव काय?"

"ढीग मरतोय गो."

"मग तुम्ही काय मय्यतीला बसलाव? उठा की!"

तो ताटावरून उठला तो तडक ढिगाशी.

"या बिंती, अगं पोरी, पाणी बंद!" मोडक्या अरबीत ओरडत त्याने कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक मूठ तिच्या हातावर ठेवली. "दाब. लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये."

नूराने दाबलं. धार थेट बाहीत शिरली.

"अम्म रहमत," ती म्हणाली. अम्म म्हणजे चाचा. "तीन दिवस कुठे होतास?"

रहमतुल्लाने तिच्या हातात कोयता दिला. मग दोघांनी खजुराच्या सुक्या झावळ्या चिरून ढिगात मिसळल्या, ढीग वरखाली केला. आठवडाभराने नूराने आत हात घातला आणि किंचाळली, "गरम आहे, अम्म, गरम!" ढीग पुन्हा जिवंत झाला होता आणि तिचे बूट एव्हाना शेणाच्या रंगाचे.

मालकाने बोलावलं तेव्हा रहमतुल्ला बॅगेला दोरी बांधूनच गेला.

"शेख, तिला सगळं येतं आता," गुन्हा कबूल करावा तसं तो म्हणाला.

अबू तलालने नवा इकामा पुढे केला. "बागेत सौदी माणूस नव्हता, म्हणून सरकारदरबारी आपण लाल रंगात होतो, तुझं नूतनीकरण अडलं होतं. नूरा आली, आपण हिरव्यात आलो. ती गेली की तूही गेलास, समजलं?"

रहमतुल्लाला लख्ख समजलं. दुसऱ्या सकाळी नूराची खुर्ची सावलीत होती आणि शेजारी पुदिन्याचा चहा.

"बेटी, इथे काही त्रास?"

"नाही, अम्म."

"दुसरीकडे कुठे अर्जबिर्ज?"

"केलाय एक."

रहमतुल्लाने तिचा पेला पुन्हा काठोकाठ भरला.

"मग उद्यापासून गांडूळखत शिकवतो. वर्ष लागतं त्याला."

"वर्ष?"

"नीट शिकायचं," रहमतुल्ला गंभीरपणे म्हणाला, "तर दोन."