खोडलेली ओळ

सरकारने पुढच्या वीस वर्षांत कर कोणाकडून किती घ्यावा आणि तो शाळा-दवाखान्यांवर कसा खर्च करावा, याचं एक निवेदन आमच्या संस्थेने छापलं होतं. सह्या घ्यायला मी साजगावच्या समाजमंदिरात गेले. प्रत्येकाला एकेक प्रत दिली. बहुतेकांनी न वाचताच सह्या करून दिल्या.

एक बाई मात्र खुर्ची खिडकीपाशी ओढून बसली. कारखान्यातून सुटून थेट आलेली, ओढणी अजून कमरेलाच बांधलेली. प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत ती वाचत होती. एका ओळीवर बोट थांबलं : ‘जे कर भरत नाहीत, त्या गरिबांचाही विचार व्हावा.’

“मॅडम, हे म्हंजे आमी का?”

“हो, तुमच्यासाठीच लिहिलंय.”

तिने पिशवीतून नवी साबणाची वडी काढून माझ्यापुढे ठेवली. “यावर कर हाय ना? मग आमी भरत नाय असं कसं लिवलंत?”

तिने पेन मागून घेतलं, ती ओळ सावकाश खोडली आणि खाली ठसठशीत सही केली.

खाडाखोड केलेला कागद सरकारी कचेरीत घेत नाहीत, म्हणून मी तिची प्रत बाजूला काढली. ती ओळ गाळून नव्याने छापायला दोन दिवस लागले असते. तेवढेही मी थांबले नाही. बाकीचा गठ्ठा त्या ओळीसकट मुंबईला गेला.

त्या सगळ्या निवेदनांत खरं असं एकच होतं. ते अजून माझ्या कपाटात आहे.