कोणीतरी खोटी गोळी खाल्ली पाहिजे

"खरं सांगून राह्यला, का डाक्टरवानी?"

आपलं वाक्य अर्धं झालं की मावशी बस थांबवावी तसा हात आडवा करायच्या आणि हे विचारायच्या. मग उरलेलं वाक्य कितीही खरं असलं तरी घशातच अडकायचं. अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. नसेल, तर तुम्ही सुखी आहात.

मावशी जानेफळच्या. वय साठीच्या पुढे. हृदयाला रक्त पुढे ढकलायचा जोर उरला नव्हता, त्यामुळे पाय सुजायचे आणि आडवं झालं की दम लागायचा. चिखलीच्या ज्या दवाखान्यात मी कामाला होतो, तिथे तेव्हा एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. प्रयोगशाळेत घडवलेला नवा रेणू थकलेल्या हृदयाला बळ देईल, अशी सगळ्यांची आशा होती. रुग्णांना ती चाचणी समजावून सांगायची आणि नोंदी ठेवायच्या, हे माझं काम.

संमतीपत्र बावीस पानांचं. बाकीचे लोक पहिल्याच पानावर "सही कुठी करू?" म्हणायचे. मावशींनी चप्पल काढली, खुर्चीवर मांडी घातली आणि म्हणाल्या, "वाच."

वाचत वाचत मी मुद्द्यावर आलो. नेहमीची औषधं सगळ्यांची चालूच राहणार. शिवाय निम्म्या लोकांना नवी गोळी मिळणार, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली.

"मंग मले कोनती?"

"मला माहीत नाही, मावशी."

"डाक्टरले?"

"त्यांनाही नाही. कॉम्प्युटर ठरवतो."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "देनाऱ्याले ठाऊक नाही, घेनाऱ्याले ठाऊक नाही. अन् तुमी शिकलेले हाय?"

मी सांगितलं, कोणती गोळी ते कळलं की माणसाला उगाच बरं वाटायला लागतं आणि डॉक्टरलाही तसंच दिसायला लागतं. त्या म्हणाल्या, "हे मातर पटलं. आमच्या गावचा भगत असं कधी सांगत नाही." आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

दर तीन महिन्यांनी त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालावं लागे. किती अंतर झालं ते मी मोजायचो. एकदा निम्म्यातच त्या बाकावरच्या एका अनोळखी माणसाशेजारी जाऊन बसल्या.

"मावशी, चाला! घड्याळ चालू आहे!"

"अरे, तो रडून राह्यला ना!"

अंतर फारच कमी भरलं. मी म्हटलं, पुन्हा चालू या. "नाही. झालं तितकंच लिही." थांबण्याचं कारण लिहायला रकाना होता. मी लिहिलं, 'गप्पा'. औषध कंपनीच्या साहेबांनी त्याभोवती लाल गोल काढला.

हे टायवाले साहेब एकदा मावशींनाच भेटायला आले. "कसं वाटतंय आजी?" म्हणून हसले.

"तू खाऊन पाह्यली का गोळी?"

"मला तो आजार नाही."

"मंग हासून काऊन राह्यला?"

पहिल्या वर्षी मावशी सुधारल्या. सूज उतरली, शेतापर्यंत चालत जाऊ लागल्या. त्यांना खरीच गोळी मिळते आहे याबद्दल दवाखान्यात कुणालाच शंका नव्हती. अंदाज करायचा नाही असा नियम असूनही डॉक्टरांनी केला, मीही केला. मावशी तेवढ्या म्हणायच्या, "पाय हलके झाले. गोळीनं, का लोनचं सोडल्यानं, ते तुमी पाहा."

दुसऱ्या वर्षी सूज परत आली. दोनदा भरती करावं लागलं. मी सांगितलं, वाटलं तर चाचणी सोडता येते, कोणी काही म्हणणार नाही.

"मंधात सोडलं तर तुयी वही खराब होईन ना?"

"वहीचं सोडा. तुमची मर्जी महत्त्वाची."

"मंग गप राय."

त्या घरीच वारल्या, दुपारी, मुलगा जवळ असताना.

पुढे काही महिन्यांनी निकाल आला. औषध लागू पडत होतं. ते घेणाऱ्यांना दवाखान्यात कमी वेळा भरती व्हावं लागलं होतं. डॉक्टरांनी पेढे वाटले. त्याच दिवशी यादीही आली, कोणाला कोणती गोळी होती त्याची. मावशींची गोळी औषध नसलेली होती.

पेढा तोंडात तसाच राहिला. ती सही मी घेतली होती.

दोन दिवसांनी जानेफळला गेलो. बसमध्ये माफीचं भाषण पाठ केलं. मावशींची सून अंगणात तूर निवडत बसली होती. मी कसंबसं सांगितलं. तिने सुपातून मानही वर केली नाही.

"ठाऊक होतं त्यायले."

"कसं?"

"पयल्याच मह्यन्यात गोळी फोडून चाखली. म्हने, कडू नाही, तुरट नाही, हे आवशीद नोहे."

दोन्ही गोळ्यांची चव मुद्दाम एकसारखी ठेवलेली होती. म्हणजे मावशींचा तर्क साफ चुकला होता आणि उत्तर तेवढं बरोबर आलं होतं.

"मग दोन वर्षं येत का राहिल्या?"

"मी बी हेच म्हनलं, भाऊ. तर माह्यावरच खेकसल्या. म्हने, साऱ्यायनं खरी खाल्ली तर ती खरी हाय हे कळन कसं? कोनीतरी खोटी खाल्ली पाह्यजे. अन् त्या पोराले सांगू नोको म्हने, त्याचं तोंड पडते."

ती बावीस पानं मी कितीतरी लोकांना वाचून दाखवली असतील. मलाही ती तोवर इतकी कळली नव्हती.

सून चहा ठेवायला आत गेली. भिंतीवर मावशींचा फोटो होता, हार घातलेला. फोटोत त्यांचं तोंड उघडं होतं आणि एक बोट समोर रोखलेलं. फोटोवाल्याला काहीतरी सुनावत असतानाच त्याने बटण दाबलं असावं.